माझा ब्रश आणि तुझे भावोजी

धाकटे,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि तुझ्या सुनेचा खोकला गेला का, ते आधी कळव. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहून घेतलं, पण तसं काही नाही. पत्र नातीकडून लिहून घेणार होते, तर तिची परीक्षा. तेव्हा आरोपीच्याच हातात पेन द्यावं लागलं. तुझे भावोजी लिहितायत. मला अक्षर येत नाही म्हणून त्यांनी मध्ये काही घुसडलं, तर ते माझं धरू नकोस. (मी काहीही घुसडत नाही. — भावोजी)

तर दातांचं ऐक. माझे स्वतःचे चौदा दात शाबूत आहेत. तुझ्या भावोजींचं बोळकं होऊन कवळी आली त्याला चार वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मी घासणंच सोडलं, म्हणून नातीनं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं नाही. मऊ ब्रश, हलका हात, हिरडीच्या कडेकडेनं गोल गोल, सकाळी आणि निजण्याआधी. खालचे समोरचे दोन हलतायत. महिनाभरानं ब्रश घेऊन दाखवायला या, सुधारणा नसेल तर काढावे लागतील.

काढावे लागतील म्हणे, जशा काही भिंतीतल्या खुंट्या. मी महिनाभर, बाळाच्या टाळूला तेल लावावं तसे दात घासले. घड्याळ कळत नाही, म्हणून मनात अंगाई दोनदा म्हणायची, की झाली दोन मिनिटं. (दीडदा. मी बाहेर ताटकळत असतो.)

महिन्यानं नातीबरोबर गेले. बाईंनी माझा ब्रश दिव्याखाली धरला. त्याचे केस चहूबाजूंना फाकलेले, भांडणातून सुटून आलेल्या कोंबडीसारखे. "आजी, ह्यानं कढई घासता का?" खोलीतले सगळे हसले. म्हणाल्या, इतका जोर लावलात तर हिरड्या मागे सरणारच. सोमवारी या, त्या दोन दातांचं काय ते ठरवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते, तर हे बेसिनपाशी उभे, तळहातावर कवळी, आणि माझ्या ब्रशानं मोचीनं बूट घासावा तशी घासतायत. "अहो, तुमचा ब्रश कुठाय?" तर म्हणे, "कपाटात, शर्टांच्या खाली. नवा आहे, उगाच कशाला खराब करायचा?" आमच्याकडे नवी वस्तू वापरायची नसते, तिची राखण करायची असते. नवी छत्री पाच वर्षं पावसात नेली नाही, भिजेल म्हणून. वर मला सांगतात, "कवळी तरी परक्याची आहे का?" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. (मी मान खाली घातली आहे असं लिहा, म्हणते. लिहिताना मान खालीच असते.)

घरातल्या सगळ्यांना आठवण सांगणं. हा अंगठा माझा.

तुझी थोरली

ता.क. सोमवारी तू ये. हे येणारच आहेत, पण ज्यांच्या तोंडात एकही नाही त्यांना दोन जाण्याचं काय कळणार? त्या खुर्चीत बसल्यावर हात धरायला माहेरचं माणूस हवं.

दुसरा ता.क. येताना केसांच्या काळ्या पिनांचं एक पाकीट आण. केसांना हव्यात.

(धाकटे, पिना आणू नकोस. तिनं केस केव्हाच पोरासारखे कापून घेतलेत. जेवण झालं की ती पिनेनं दात कोरते. बाईंनी नातीला बाजूला घेऊन हिरडीवरच्या जखमांचं सांगितलं, ब्रशाला असं टोक नसतं म्हणाल्या. माझी चूक मी मान्य करतो, पण ती अर्धीच. पिना थांबल्या तर दोन्ही दात बहुधा राहतील. तू मात्र नक्की ये. बाईंकडे ब्रशावरून सगळे हसले त्या दिवसापासून ती तोंडावर हात धरून हसते, ते मला बघवत नाही. पत्र तिला वाचून दाखवताना या जागी मी "सर्वांना नमस्कार" एवढंच वाचलं आहे.)