हळदीखालचा चेहरा

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज दवाखान्यात न्यायच्या आधी लेकीच्या, स्रवंतीच्या तोंडाला हळद जरा जाडच चोपडली. शुक्रवारी इथे वरंगलात सगळ्याच बायका लावतात, कोणाला काय कळणार! नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला तो लाल चट्टा पार झाकला. होणाऱ्या जावयाची मावशी त्याच दवाखान्यात नर्स आहे. लग्न फाल्गुनात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं — सांधे कधीपासून दुखतात, केस गळतात का, चेहऱ्यावर काही उठतं का? पोरीने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, छे, चेहरा स्वच्छ आहे. रक्त घेतलं. घरी आल्याआल्या पोरीने खसाखसा तोंड धुतलं.

बुधवार, ११

रिपोर्ट आणायला एकटीच गेले. रक्तात स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या अँटीबॉडी निघाल्या. पण बाई म्हणाल्या, "नुसत्या या चाचणीवर ल्युपसचा आजार आहे असं म्हणता येत नाही, अम्मा. ठणठणीत माणसांतही निघतात कधीकधी. जोडीला खुणा लागतात. चेहऱ्याचं नक्की ना?"

नक्की, म्हटलं.

दुखण्याच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी या म्हणाल्या. सुटलो म्हणत घरी आले, आणि वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

रविवार, १५

स्रवंतीचे पाय सुजलेत. पैंजण चढेनात.

मंगळवार, १७

सकाळी मीच साबण लावून तिचं तोंड धुतलं. म्हणाली, "आज शुक्रवार नाही म्हणून का?" टॉवेल तिच्या हातात दिला.

दवाखान्यात बाई बघतच राहिल्या. "हे मागच्या वेळी नव्हतं?"

"होतं. हळदीखाली."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुन्हा रक्त घेतलं — ल्युपसमध्येच सहसा सापडतात त्या अँटीबॉडी बघायला — आणि लघवीही तपासायला दिली.

शनिवार, २१

ल्युपसच. मूत्रपिंडांना लागलाय, पण सुरुवात आहे, औषधांनी आवरेल. उन्हात जायचं नाही. "त्याच शुक्रवारी दिसलं असतं तर —" एवढंच म्हणून बाई लिहायला लागल्या. हे पंधरा दिवस माझ्यामुळे गेले. लग्न मोडलं तर मोडू दे. उद्या त्या लोकांना स्वतः जाऊन सांगते.

रविवार, २२

निघणार तर जावईच दारात! प्रणीत. हातात नवीकोरी छत्री. "तिला ऊन चालत नाही ना, अत्तम्मा."

तुला कोणी सांगितलं?

"तिनेच, काल रात्री. आणि सहा तारखेलाच सकाळी गालांचा फोटो पाठवला होता, हळद लावायच्या आधी. आमच्या आईनेही पाहिलाय. म्हणाली, आधी पोरीला बरं करा."

म्हणजे मी लपवलं ते फक्त डॉक्टरांपासून.