उद्या खांबाला हात लावणाऱ्यांसाठी

मी, प्रेमदास आडे, वय ५२, धंदा हायड्रा क्रेन चालवणे, राहणार वारंगा फाट्याजवळचा तांडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, दारूला न शिवता लिहीत आहे. माझ्यावर दबाव कोणाचा नाही. भीती मात्र आहे, आणि ती नाही असे खोटे लिहिणार नाही.

कारण असे. उद्या सेवालाल महाराजांच्या जयंतीला मंदिरापुढे नवा लोखंडी झेंडाखांब माझ्या क्रेनने उभा करायचा आहे. खांब वर जाताना घरातल्या प्रत्येकाचा हात त्याला लागला पाहिजे, ही आमच्या तांड्याची रीत. पूर्वी खांब सागाचा असे. आता लोखंडाचा आहे, आणि मंदिरालगत विजेची तार गेली आहे. शेजारच्या तांड्याहून उंच पाहिजे म्हणून आमचे प्रमुख, नाईक रामजींनी खांब वाढवून घेतला.

मी म्हणालो, लाईनमनकडून तार रीतसर बंद करून घ्या. रामजी हसले. "सकाळी लाईट जातेच की आपली. काहून भेऊन राहिला?"

"घरची लाईट जाते, काका. ती तार शेतातल्या मोटारींची हाय. सकाळी ती चालूच ऱ्हाते."

सांगून सांगून घसा बसला. मी नाही म्हटले तर ते कळमनुरीहून दुसरी क्रेन आणणार, आणि तो ड्रायव्हर वर बघणारसुद्धा नाही. म्हणून मीच जाणार.

माझा जोडीदार नेमसिंग असाच गेला. क्रेनची लांब बूम तारेला टेकलीही नव्हती, नुसती जवळ गेली. मी केबिनमध्ये होतो म्हणून वाचलो. त्याचा हात उचललेल्या पाइपावर होता. आजही तार दिसली की मी आधी क्रेन थांबवतो.

तर वाटणी. घर व बँकेतली शिल्लक पत्नी शकुंतलाबाईची. आज तिला म्हणालो, तू हात लावू नको. म्हणाली, "समदा तांडा लावतो, मीच काय पाप केलं?" तेव्हा तीही गेली, तर सर्व मुलगा संतोषचे. पण संतोष खांबाचा बुंधा धरणार आहे. त्याच्यानंतर मुलगी निलम, दिलेली शिरड शहापूरला.

क्रेन, तिचे पाने, साखळ्या, पट्टे संतोषने विकावेत. क्रेनवर बसू नये. माझे रबरी हातमोजे रामजींना द्यावेत. फाटके असले तरी त्यांच्या हसण्यापेक्षा कामाचे आहेत.

ठिणगी उडाली तर कोणी माझ्याकडे धावू नये. मी ओरडलो तरी नाही. लाईनमनने तार बंद केल्याशिवाय क्रेनला, खांबाला, पडलेल्या माणसाला शिवू नये. शकुंतला, हे तुझ्यासाठी लिहिले आहे.

साक्षीदार उद्या खांबाला हात न लावणारे पाहिजे होते. तांड्यात एकही मिळाला नाही, म्हणून फाट्यावरचे घेतले.

निलमला उद्याचे आवतण मी दिलेले नाही. बापाने जयंतीला बोलावले नाही म्हणून ती रुसेल. रुसू दे.

सही: प्रेमदास आडे
साक्षीदार: १. संतराम कदम, चहाचे हॉटेल (सही) २. आशाबाई ढोले, भाजीचे दुकान (अंगठा)
ठिकाण: वारंगा फाटा
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५