कोंढ्याच्या रस्त्यावर घासणारा टायर

बाबा, आज मी टायरच्या दुकानात बसले होते आणि तुमचा फार राग आला. दुकानदार मला समजावत होता, की टायरचं सांगितलेलं आयुष्य चांगल्या रस्त्याचं असतं. गिट्टी, ऊन, जास्तीचं वजन आणि दाबून मारलेले ब्रेक यांचा हिशोब त्यात धरलेला नसतो. मी मान हलवत राहिले. हे सगळं मी चौथीत असल्यापासून तुमच्या तोंडून ऐकलंय.

सत्तर-ऐंशीच्या त्या वर्षांत तुमची जुनी टॅक्सी तुमसरहून नाकाडोंगरीला सवाऱ्या न्यायची. खाणीकडचा टोकदार गिट्टीचा रस्ता, आत कोंबलेली माणसं, डिकीत तांदळाची पोती आणि वरून मे महिन्याचं ऊन. गाडी परतली की तुम्ही उकिडवे बसून टायरवरून हात फिरवायचात, नक्षीत अडकलेले खडे खिळ्याने काढायचात. आमच्या तापल्या कपाळावरून तुमचा हात असा फिरल्याचं मला आठवत नाही. भंडाऱ्याच्या डांबरी रस्त्यावर हाच टायर दुप्पट चालेल, असं तुम्ही येईल त्याला सांगायचात, आणि टायर लवकर गेला म्हणून दुकानदाराशी भांडायलाही जायचात.

मग मला एवढंच सांगा, कोंढ्याला जायचं म्हटलं की तो टायर कसा घासायचा? कोंढा आईचं माहेर. वाट बरीचशी डांबरी, गाडीत आपण तिघंच. तुमच्याच हिशोबाने टायरला एवढं सुख दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर मिळालं नसतं. पण सासुरवाडीचं नाव निघालं की टायर कधी फार झिजलेले असायचे, कधी फार नवे. आजी आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा ते नवे होते. आई पिशवी भरून अंगणात उभी होती.

"टायर नवे हायेत. थोडे चालू दे, मंग जाऊ कोंढ्याले," तुम्ही म्हणालात.

"मी काय तांदळाच्या पोत्याहून वजनी आहो का?" आईने विचारलं. तुम्ही गाडी सुरू केलीत. नाकाडोंगरीच्या सवाऱ्या खोळंबल्या होत्या.

आम्ही दोघी एसटीने निघालो. भंडाऱ्याला दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यात दुपार गेली. कोंढ्याला पोचलो तेव्हा आजीला पोचवून आलेली माणसं अंगणात पाय धूत होती. आईने तुमच्याविरुद्ध कधी एक शब्द काढला नाही. मला मात्र अजून सगळं तुमच्या तोंडावर बोलायचंय, आणि तुम्ही नाही. नाकाडोंगरीच्या कितीतरी अडलेल्या बायकांना तुम्ही वेळेवर दवाखान्यात नेलंत, हे लोक अजून मला सांगतात. त्यानेच जास्त चिडायला होतं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. काल आई म्हणाली, "मले एकडाव कोंढ्याले घेऊन चाल." आता तिला धड चालवतही नाही. मी आधी खाली वाकून माझ्या गाडीचे टायर पाहिले आणि म्हणाले, टायर बदलले की जाऊ.

या वेळी तिने काहीच विचारलं नाही.