शनिवारचा सिनेमा आणि ताईचं पातेलं

शनिवार, ६ सप्टेंबर

माशाचा रस्सा जिंकला! आमच्या सिनेमा मंडळातल्या तिघांनी पातेलं पुसून खाल्लं. पावइंच तर शेवटच्या पावाच्या तुकड्याने काठसुद्धा पुसत होता. सुतार माणूस, जगातली प्रत्येक गोष्ट त्याच्या मते पाव इंच चुकलेली असते – आज म्हणाला, "यात काही चुकलं नाही." मी नम्रपणे म्हटलं, काही विशेष नाही हो, मंद आचेवर ठेवायचं आणि घाई करायची नाही.

मंद आच कशाशी खातात, मला माहीत नाही. रस्सा ताईचा.

फ्रिजवर नियम चिकटवलाय: शनिवारी चार वाजता सिनेमा, जागा माझं घर, कारण मोठी पांढरी भिंत माझ्याचकडे आहे. ज्याची पाळी त्याने सिनेमाला शोभेल असं जेवण स्वतःच्या हाताने करायचं. दुसऱ्याच्या हातचं आणेल त्याची मंडळातून हकालपट्टी. नियम मी केला. अक्षर माझं. पहिल्या पाळीपासून मोडतोय तोही मीच! उघडकीला आलं तर शनिवारी त्या भिंतीकडे एकटाच बघत बसेन. चष्म्याचं दुकान बंद केलं की मला या तिघांशिवाय आहे कोण?

सिनेमा दीपगृहाचा होता, म्हणून मासा. अर्ध्यापर्यंत छान चालला होता. मग पोट भरलं आणि डोळा लागला. सगळ्या गावाला बघायला चष्मे देणारा मी, आणि माझेच डोळे मिटलेले. मास्तरीणबाई जाताना म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार." शाळेत भूमिती शिकवतात, पण टोमणे भाषेच्या बाईंसारखे मारतात.

रविवार, ७ सप्टेंबर

सकाळी पातेलं परत द्यायला तळमजल्यावर ताईकडे. ताईचा मोबदला ठरलेला – सिनेमाची गोष्ट, अथपासून इतिपर्यंत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षांत ती एकही जिना चढलेली नाही. पाय स्टुलावर, चहा हातात, आणि प्रश्नांची सरबत्ती. बाईच्या अंगावर काय होतं? घरात चूल होती की शेगडी? आणि वर रस्सा वाढलास तेव्हा आधी कोण बोललं?

सांगत गेलो. दीपगृहाशेजारी एक घर, तिथली बाई नवऱ्याच्या जहाजाची वाट बघत खिडकीत बसलेली. तिथपर्यंत मी जागा होतो. ताईने कप खाली ठेवला.

"मग? आलं जहाज?"

भावोजी मालवाहू जहाजावर मेकॅनिक होते. एकोणीस वर्षांपूर्वी जहाज गेलं ते गेलंच. आता त्या बाईच्या जहाजाचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि ताई माझ्याकडे बघतेय. आलं, म्हटलं. पहाटे आलं. धुक्यात आधी नुसता भोंगा ऐकू आला. भोंगासुद्धा घातला मी!

ताई म्हणाली, "बरं झालं." आणि चहा संपवला.

निळं पातेलं तिने फळीवर ठेवलं. काठाचा एक टवका उडालाय त्याचा. आठ वर्षांचा असताना मीच आपटलं होतं, आणि मार ताईने खाल्ला होता.

बुधवार, १० सप्टेंबर

पावइंच ताईच्या घरातून बाहेर पडताना दिसला. म्हणे खिडकी चौकटीला घासत होती. गेल्या आठवड्यात कपाट कुरकुरत होतं. त्याच्या आधी स्टूल. ताईच्या घरातलं लाकूड एकाएकी इतकं बिघडायला लागलं? कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवार, १३ सप्टेंबर

मास्तरीणबाईंची पाळी. सिनेमा बॉक्सरचा, म्हणून बिटाचं लालभडक सूप. मंडळातला तिसरा, आमचा कंपाउंडर, त्याने पहिल्या घोटाआधी रक्तगट विचारला. सूप मात्र असं, की वाडगा खाली ठेववेना. बाईंना भूमितीबरोबर हेही येतं? देव एकेकाला किती देतो!

डोळा लागला.

रविवार, १४ सप्टेंबर

माझ्या शेवटात बॉक्सरने हातमोजे खुंटीला टांगले आणि बेकरी उघडली. ताईला आवडलं. मग म्हणाली, त्याच्या कानाचं बरं झालं का रे?

कान? मी कानाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ताई म्हणाली, आत्ता तूच म्हणालास की. म्हणालो असेन. वय झालं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दुकानातून ताईचं दार समोरच दिसतं. कंपाउंडर ताईकडे मलम घेऊन गेला. गुडघा एक, मलमाची ट्यूब एक, वेळ चाळीस मिनिटं! बाहेर आला तो मिश्या पुसत.

म्हणजे एक नाही, दोन. ताई बासष्टची, पण अजून हसली की खोली उजळते, हे भाऊ असूनही कबूल करतो. आता धाकट्या भावाने काय करायचं? दोघांना बोलावून विचारायचं, की तुमचे हेतू काय? एक विधुर, एक ब्रह्मचारी, आणि मी मधे चष्मा पुसत उभा. शोभेल का?

शनिवार, २० सप्टेंबर

कंपाउंडरने वाळवंटाच्या सिनेमाला खजूर घातलेला भात केला. शीत न् शीत मोकळं. खोकल्याचं औषध मोजणारा हा हात मीठ मोजायला कधी शिकला? मी विचारलं, तर म्हणाला अंदाज. याच्याकडून औषध घेताना यापुढे जपून राहायला हवं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

मास्तरीणबाई ताईच्या घरातून! हातात फडक्याने झाकलेलं काहीतरी. मला बघून अशा वळल्या, जणू कॉपी करणारा मुलगा त्याच आहेत.

माझा लग्नाचा अंदाज कोसळला. मग चाललंय काय? ताई या वयात भूमिती शिकतेय?

शनिवार, २७ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहिताना दोनदा थांबलो. हसून. आणि नंतर न हसून.

पावइंचाची पाळी. तुरुंग फोडण्याचा सिनेमा, म्हणून त्याने कैद्यांचं जेवण आणलं – बटाटे-वाटाण्याचं साधं कालवण. पातेलं टेबलावर ठेवलं. निळं पातेलं. काठाचा टवका उडालेलं.

याला धरलं, तर हा ताईकडे जाणार आणि माझं बिंग फुटणार. गप्प बसलो. पण खोलीत कोणीच बोलत नव्हतं! मास्तरीणबाई हातातला डाव तसाच धरून त्या टवक्याकडे बघत होत्या. कंपाउंडरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. भिंतीवर कैदी भुयार खणत होते आणि इथे आम्ही चौघं एका पातेल्यासमोर खिळून उभे.

शेवटी बाईंनी डाव खाली ठेवला. तीस वर्षं सिद्धता शिकवलेली बाई. म्हणाल्या, "मी ताईंकडून आणते. पहिल्यापासून."

कंपाउंडर म्हणाला, तोही. पावइंच म्हणाला, पातेलं बदलायचं राहिलं. मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. नियम करणारा मी, फ्रिजवरचा कागद माझ्या पाठीमागे. सगळ्यात शेवटी कबूल झालो. सगळे एकाच माळेचे मणी! कोणी कोणाची हकालपट्टी करायची? पावइंच हसता हसता खुर्चीवरून घसरला, आणि खुर्ची त्यानेच केलेली.

मोबदलाही सगळ्यांचा सारखाच निघाला. जाऊन गोष्ट सांगायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाई म्हणाल्या, ताई विद्यार्थ्यांपेक्षा बरे प्रश्न विचारतात.

मग पावइंच खाली बघत म्हणाला, "पण ताईंनी यातला एकही सिनेमा बघितला नाही."

त्यानंतर कोणी हसलं नाही. कालवण खाल्लं. चांगलंच होतं, पण कोणी दुसऱ्यांदा घेतलं नाही.

तिघं निघताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दीपगृहाच्या सिनेमात शेवटी काय झालं? कंपाउंडर म्हणाला, जहाज येत नाही. सकाळ होते, ती बाई वर चढते आणि स्वतःच दिवा विझवते.

तिघांपैकी कोणी ताईला हे सांगितलंय का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

ताईकडे गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली, चौघांच्या वतीने बोलावलं. म्हटलं, जिन्यामुळे आजवर विचारलं नाही.

ती कांदा चिरत होती. थांबली नाही.

"जिना मला चढवत नव्हता. तुम्हाला उतरायला काय झालं होतं?"

प्रोजेक्टर उचलून अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली आणायचा, एवढंच होतं. चार शहाणी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. रस्सा मात्र प्रत्येकाच्या डोक्यात आला. लाज वाटली. पातेलं आपटलं तेव्हा वाटली होती तशी.

कांदा चिरून झाल्यावर ताई म्हणाली, येत्या शनिवारी माझ्या घरी. जेवण तुम्ही चौघं करा, स्वतःच्या हाताने – नियम आहे ना तुझा? आणि सिनेमा मी सांगेन तो.

कोणता?

तो दीपगृहाचा, म्हणाली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

पुन्हा जाऊन सांगून बघितलं की एक फार छान विनोदी सिनेमा आहे, दोन चोर आणि एक बदक. ताई म्हणाली, बदक पुढच्या वेळी.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दुकानात दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले. दोघंही छान दिसतंय म्हणून घेऊन निघाले होते.

मनात एकच. परवा ती भिंतीवर बघणार, की जहाज येत नाही. आणि तिला कळणार, की मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. भोंगा वाजवून! नुसतं झोप लागली म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? झोपेला ती हसली असती. पण माणसाचं जहाज परत आणून द्यायचं आणि मग हिसकावून घ्यायचं, हे कुठलं भावाचं प्रेम?

शनिवार, ४ ऑक्टोबर

मासा बाहेरून जळला, आतून कच्चा. मंद आच म्हणजे काय, ते आता कळलं – जी माझ्याकडे नव्हती ती. बाईंचा पाव अगदी वर्तुळाकार आणि तितकाच कठीण. सुरी चालेना, पावइंच पिशवीतली करवत काढायला निघाला होता. कंपाउंडरने सॅलडमध्ये लिंबू थेंब मोजून घातलं आणि मीठ विसरला. पावइंचाच्या केकबद्दल त्याने स्वतःच निकाल दिला: "पाव नाही, चांगला अर्धा इंच जळलाय."

ताईने सगळं खाल्लं. सगळं! मधे एकदा मला म्हणाली, काटे तरी काढायचेस रे. बाकी नावं ठेवली नाहीत, याचंच जास्त लागलं.

पडदे ओढले, भिंतीवर चादर लावली. ताईला मधली खुर्ची, पाय स्टुलावर. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवटपर्यंत जागा राहिलो. सिनेमातली बाई खिडकीत बसली. उजाडलं. समुद्र रिकामा. ती एकेक पायरी चढत वर गेली. ताईचा हात स्टुलाच्या कडेवर होता, तो मी बघत होतो. चेहऱ्याकडे बघवलं नाही. दिवा विझला.

ताई म्हणाली, पडदे उघडा, अजून उजेड असेल. होता.

जाताना तिघांनी तिला वाकून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं. मी भांडी उचलली आणि वर पळालो.

रविवार, ५ ऑक्टोबर

नेहमीसारखा खाली गेलो. ताईने चहा दिला, पाय स्टुलावर घेतला आणि म्हणाली, सांग, काय झालं सिनेमात?

म्हटलं, काल तूच बघितलास की.

"बघितला. आणि मास्तरीणबाईंनी तेव्हा, रश्श्याच्या शनिवारीच, घरी जाता जाता शेवट सांगितला होता. तरी रविवारी तुला विचारलं." कप दोन्ही हातांत धरून ती मागे टेकली, डोळे मिटले. "सांग आता. भोंग्यापासून."

मी सांगायला लागलो. पहाट होती, म्हटलं. धुकं होतं. काही दिसत नव्हतं, पण आधी भोंगा ऐकू आला.