तिकिटाची पाठ

बाळकुम, ठाणे
६ जानेवारी २०२५

चि. हेमास अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळे.

पत्र बघून हसली असशील. पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो, असं तुझी वहिनी म्हणते. शिवाय तिकिटांचा विषय पत्रानेच बोलायचा, हा आप्पांचा नियम. फोनला तिकीट लागत नाही, मग त्याचा उपयोग काय, असं ते म्हणायचे.

बातमी अशी की ठाण्यातल्या तिकीट प्रदर्शनात माझी एक फ्रेम घेतली आहे. एक फ्रेम म्हणजे अल्बमची सोळा पानं. आठ आणि नऊ फेब्रुवारी. विषय दिलाय, टपालगाडीतल्या सॉर्टरची पत्रं. चालत्या गाडीत टपाल गावांप्रमाणे लावता लावता आप्पा गाडी थांबेल तिथून आईला पत्र टाकायचे, कसारा, इगतपुरी, मनमाड, पार भुसावळपर्यंत. त्या पत्रांवरची मी कापून ठेवलेली तिकिटं, शिक्क्यासकट. बाहत्तराव्या वर्षी पहिलं प्रदर्शन, आहेस कुठे! नात क्षिप्राने विचारलं की सोसायटीच्या लिफ्टमध्ये नोटीस लावू का. मी लाव म्हटलं.

घोडं अडलंय ते पानांच्या प्लॅस्टिकपाशी. पूर्वी डोंबिवली स्टेशनबाहेरून मी मऊ पिशव्या घेतल्या होत्या, आठवतं? त्या आता पिवळ्या पडून तेलकट झाल्यात. पान ओढलं की चर्र आवाज येतो, आणि दोन तिकिटांची शाई प्लॅस्टिकवर गेली. क्षिप्राने तीन प्रकारच्या स्लीव्हचे नमुने मागवलेत. त्यांचे तुकडे नंबर घालून सोबत ठेवलेत. एक नंबर मऊ आणि स्वस्त. दोन नंबरला मागे काळा कागद आणि तीन कप्पे. तीन नंबर कडक, दोन्हीकडून आरपार, पानभर एकच कप्पा. माझं मन दोनवर बसलंय. काळ्यावर तिकिटाचे दाते कसे उठून दिसतात!

तरी तुझं मत कळव. चिकटलेली तिकिटं सोडवायला लहानपणी तुझीच बोटं लागायची.

लोभ आहेच, तो वाढवण्यापेक्षा व्यायाम वाढव.

तुझा,
प्रभाकरदादा

◆

ठाकुर्ली
१३ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार वि. वि. साष्टांग सध्या जमत नाही, गुडघा सुटला की घालीन.

उद्या संक्रांत. पाकिटात चार तिळाच्या वड्या घालणार होते, पण ऐश्वर्या म्हणाली की शिक्का मारणारा त्यांचा भुगा करील. माझी सून पोस्टाला माझ्यापेक्षा जास्त ओळखते. तेव्हा कोरडंच गोड बोल.

प्रदर्शनाचं वाचून ऊर भरून आला. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. तळमजल्यावरच्या विमलाबाईंना तर दोनदा, कारण पहिल्यांदा त्या टीव्ही बघत होत्या.

आता तुझे तुकडे. मी गणिताची बाई, नुसतं बघून मत देत नाही. तिन्ही तुकडे वर्तमानपत्राच्या रंगीत पानावर ठेवले, वर गव्हाचा डबा, आणि डबा उन्हाच्या खिडकीत. तिसऱ्या दिवशी उचलून बघितलं तर एक नंबरवर दागिन्यांच्या जाहिरातीतल्या बाईचे लाल ओठ उमटले होते. वासही नव्या रेनकोटचा. त्याला घरात घेऊ नकोस, तुझ्या जुन्या पिशव्यांचाच तो भाऊबंद. दोन आणि तीन कोरे निघाले.

पण घ्यायचा तीन नंबरच. एकच कप्पा आणि दोन्हीकडून आरपार. काळा मुळीच नको. का, ते आत्ता विचारू नकोस. उत्तर दिलंय, रीत मागाहून मांडीन.

एक विचारायचं राहिलं. फॉर्मवर संग्राहक म्हणून नाव कुणाचं घातलंस?

वहिनीला नमस्कार, क्षिप्राला पापा. आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
हेमा

◆

बाळकुम
१८ जानेवारी २०२५

चि. हेमास आशीर्वाद.

नाव माझं घातलं. दुसरं कुणाचं घालणार? मला नोकरी लागली तेव्हा आप्पांनी पेढे वाटताना सगळ्या पाहुण्यांसमोर अल्बम माझ्या हातात दिला आणि हा प्रभाकरचा संग्रह म्हणून सांगितलं. तू तिथेच होतीस, पेढ्यांचं ताट तुझ्याच हातात होतं.

आणि आरपार कशाला हवं, ते मला अजून उमगलेलं नाही. तिकिटाची पाठ कोण बघतं? पानभर एकच कप्पा म्हणजे तर पैसा फुकट. तुझा गव्हाचा डबा हुशार आहे, पण तिकिटांतलं त्याला काय कळतं!

हे सगळं मी रागाने लिहितोय, कळलं असेलच. राग तुझ्यावर नाही. प्रदर्शनाच्या समितीत चांगदेव भोईर म्हणून आहेत, बाळकुमच्या जुन्या गावातलेच. पानं आधी बघायला म्हणून घरी आले. माणूस सज्जन, चहा घेतला, प्रत्येक पानाला वा म्हणाले. मग हळूच विचारलं की काका, गावाचं नाव कुठंय? शिक्का अर्धा तिकिटावर असतो आणि अर्धा कागदावर. मी तेवढं तिकीट कापलं, तेव्हा शिक्क्याचा उरलेला अर्धा भाग गेला. इगत एवढंच दिसतं, पुरी नाही. सोळातल्या अकरा पानांवर हाच प्रकार. त्यांचं म्हणणं, ही फ्रेम आप्पांच्या प्रवासाची आहे आणि प्रवासातली गावंच पुरी नाहीत, परीक्षक ती खाली उतरवायला सांगतील. त्यापेक्षा यंदा राहू द्या.

मी त्यांना बरंच बोललो. ते गेल्यावर पटलं. तेरा वर्षांचा होतो, कुणी सांगितलं नाही. आप्पांनीसुद्धा नाही. आता लिफ्टमध्ये ती नोटीस लागलेली आहे आणि मी दोन दिवस जिन्याने ये-जा करतोय. नाव मागे घ्यावं असं मनात आहे. त्यांना तीस तारखेपर्यंत सांगायचंय.

स्लीव्हचा विषय संपला असं समज.

तुझा,
दादा

◆

ठाकुर्ली
२२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास, नमस्कार.

नाव मागे घेशील तर याद राख. हे पत्र माझ्या मुलाबरोबर, शौनकबरोबर पाठवतेय, पोस्टावर माझा विश्वास आहे पण वेळेवर नाही. त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा असेल. आधी पत्र वाच, मग डबा उघड.

कल्याणला पारनाक्याच्या खोलीत आपण राहत होतो ते आठव. आप्पा पैसे वाचवायला पाकीट घ्यायचे नाहीत. लिहिलेल्या कागदाचीच घडी घालून, कडा चिकटवून वर तिकीट लावायचे. पत्र आलं की तू आप्पांचं दाढीचं पातं घेऊन पहिलं तिकीट कापायचास, कुणी वाचायच्या आधी. तिकिटाबरोबर आतल्या मजकुराचा चौकोनही जायचा. आई वाचायला बसली की मध्ये खिडकी. ती तुला विचारायची की इथे काय होतं रे, आणि तू म्हणायचास, काही नाही, ख्यालीखुशाली. तू ते वाचलेलंही नसायचंस. शहाण्या!

आई ती पत्रं एकदा वाचून बंबाच्या लाकडांवर टाकायची. मी तिथून उचलायची. नऊ वर्षांची होते. कशासाठी, ते सांगता नाही यायचं. आप्पांचं अक्षर जळू नये, एवढंच वाटायचं. एकूण त्रेपन्न पत्रं आहेत, लग्नानंतर इथे आणली, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली. ह्यांनाही कधी दाखवली नाहीत. प्रत्येकाला एक चौकोनी भोक आहे आणि भोकाच्या कडेला अर्धा शिक्का आहे. तुझा पुरी माझ्याकडे आहे दादा.

म्हणून म्हटलं तीन नंबर. पत्र उलगडून स्लीव्हमध्ये सरकव, तिकीट त्याच्या खिडकीत बसव. कडक प्लॅस्टिक दोन्हीकडून दाबून धरतं, डिंक नको, पट्टी नको. तुझ्या नमुन्याच्या तुकड्यात मी कागदाचा चौकोन कापून करून बघितलंय, हलत नाही.

मग इतकी वर्षं का बोलले नाही, असं विचारशील. कारण मला राग आला होता. पेढ्यांचं ताट माझ्याच हातात होतं, ते तुझ्याही लक्षात आहे म्हणायचं. आप्पांनी अल्बम तुला दिला त्याचंही एवढं नाही. डब्यात सगळ्यात वर एकोणसत्तर सालचं इगतपुरीचं पत्र आहे. शेवटच्या अरुंद घडीवर आईला लिहिलंय, "प्रभाकर पत्रं कापतो म्हणून त्याला बोलू नकोस." मग तुझी खिडकी. आणि खिडकीखाली, "जपणारं माणूस आपल्या घरात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो." ते वाचून मी ठरवलं की घरात जपणारा एकटा तू आणि मी ताट धरणारी. तो राग छप्पन्न वर्षं टिकला. तुझ्या स्टेशनबाहेरच्या प्लॅस्टिकपेक्षा चांगल्या प्रतीचा निघाला.

आता तो संपवते. प्रदर्शन तुझं, पत्रं घे आणि मांड. नावाचं मी विचारलं होतं, ते विसर.

तुझी,
हेमा

◆

बाळकुम
२७ जानेवारी २०२५

चि. हेमास,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण आज तो तूच द्यावास अशी वेळ आहे.

शौनक डबा देऊन गेला. तीन नंबरच्या स्लीव्ह क्षिप्राने त्याच दिवशी मागवल्या, मला न विचारता. काल सकाळी झेंडावंदन करून आम्ही दोघं टेबलावर बसलो. पहिलं इगतपुरीचंच घेतलं. अल्बममधलं ते विमानाच्या चित्राचं तिकीट कागदी पट्टीने एका बाजूला चिकटवलेलं, म्हणजे कधीही बोटाने उचलून पाठ बघता आली असती. छप्पन्न वर्षांत मी उचललं नाही. क्षिप्राने चिमट्याने सोडवलं, खिडकीत ठेवलं, आणि शिक्क्याचा गोल जुळला. इगतपुरी, पुरं नाव, तारखेसकट. मी टाळी वाजवली. मग तिने स्लीव्ह पलटली आणि मला म्हणाली, आजोबा, चष्मा लावा.

खिडकीत तीन ओळी आहेत, मुंगीच्या पावलांसारखं आप्पांचं अक्षर. सबंध मजकूर तुला जसाच्या तसा उतरवून देतो.

"प्रभाकर पत्रं कापतो म्हणून त्याला बोलू नकोस. कापून उरलेलं हेमा उचलून ठेवते, मी पाहिलंय. असं जपणारं माणूस आपल्या घरात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो."

हेमा, ते तुझ्यासाठी होतं. मी कापून नेलं आणि पालथं चिकटवून ठेवलं. मी तिकिटाची पाठ कोण बघतं म्हणून तुला लिहिलं, ते शब्द मला परत घ्यायचे आहेत. तुझा राग रास्त होता, फक्त माणूस चुकला. तो माझ्यावर धरायचा होता, आप्पांवर नाही.

वहिनीने दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि देवापाशी दिवा लावला. मी चांगदेवरावांना फोन केला. काय बोलले ते अर्धंच ऐकू आलं, पण या अर्ध्यात हो होतं. फॉर्म बदलून दिला आहे. संग्राहक म्हणून दोन नावं आहेत, आणि पहिलं माझं नाही.

लिफ्टने जायला लागलोय. नोटीस क्षिप्राने नवी लावली.

तुझा,
दादा

◆

बाळकुम
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमाआजी,

नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करतात ते आजोबांनी सांगितलं होतं पण खूप लांब आहे, त्यामुळे एवढ्यावर सांभाळून घे.

मी आणि आजोबा दोन्ही दिवस गेलेलो. फोटो तुला पाठवलेत, पण आजोबांनी एक गोष्ट पत्रातूनच सांगायला सांगितलीय. अगं, फ्रेम भिंतीला लागून असते, त्यामुळे पानाची मागची बाजू कुणाला दिसत नाही. पंधरा पानं नीट लावली, तिकीट पुढे. सोळावं इगतपुरीचं होतं. ते आजोबांनी उलटं लावलं. लिहिलेली बाजू पुढे आणि तिकीट भिंतीकडे! सगळे येऊन विचारायचे की इथे तिकीट कुठाय, चुकून उलटं लागलंय का. एक परीक्षक पण म्हणाले की याचे मार्क जातील. आजोबा म्हणाले जाऊ देत, आणि मग त्यांना त्या तीन ओळी बोट ठेवून वाचून दाखवल्या. दोन दिवस प्रत्येकाला. दुपारी घसा बसला तर मी वाचत होते. हेमा कोण, असं कुणी विचारलं की ते इतके ताठ उभे राहायचे ना, की मला हसू यायचं.

बक्षीस नाही मिळालं. आम्हाला काही फरक पडला नाही, खरंच. चांगदेवकाका म्हणाले, पुढच्या वर्षी त्रेपन्नच्या त्रेपन्न लावा.

लवकर चालायला लाग, मला ते सगळं तुझ्याकडून शिकायचंय.

तुझी,
क्षिप्रा

◆

ठाकुर्ली
१५ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. उसना नाही, काल पहिल्यांदा गुडघा दुमडून घातला, आप्पांच्या फोटोपुढे.

तुझं सत्तावीस तारखेचं पत्र आल्यावर उत्तर लिहायला बसले की डोळे भरायचे आणि शाई पसरायची, म्हणून उशीर. सहासष्ट वर्षांची शाळामास्तरीण आहे मी, किती मुलांच्या वह्यांवर शाबास लिहिलं असेल. माझ्या वहीवरचं आत्ता वाचायला मिळालं.

मार्क घालवलेस, बरं केलंस. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. विमलाबाईंनी या वेळी टीव्ही बंद केला.

पुढच्या वर्षीसाठी तीन नंबरच्या आणखी सदतीस स्लीव्ह लागतील, बेरीज करून बघ. पानं घेऊन तूच इकडे ये, आठ दिवस राहायच्या तयारीने. आपण दोघं बसून बाकीच्या खिडक्या वाचू. मी एकटी उघडणार नाही.

या पाकिटावर ठाकुर्लीचा शिक्का पोस्टात उभी राहून छान उमटवून घेणार आहे. कात्री लावलीस तर खबरदार.

तुझी,
हेमा