‘व्हिलन’चा मूळ अर्थ आणि बांधावरचा आंबा

मी, फरहत अक्रम इनामदार, वय चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार खुटबाव, तालुका दौंड, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल शंका असल्यास कोणत्याही शब्दाचे स्पेलिंग विचारावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आजवर कोणाला जमलेला नाही.

१. घर व शेताचे वाटे शरियतप्रमाणे होतील. बाकीच्या वस्तूंबाबत मुलगा सोहेब व मुलगी आसिया यांची संमती घेतली आहे.

२. इंग्रजीचा मोठा शब्दकोश सोहेबला. तो रांजणगावच्या कारखान्यात साहेब आहे आणि मयताच्या फोटोखालीसुद्धा ‘नाइस’ लिहितो. ‘नाइस’चा अर्थ पूर्वी ‘अडाणी’ असा होता. लिहिण्याआधी त्याने ते पान उघडावे.

३. शिलाई मशीन आसियाला. तिने शब्दकोश मागितला नाही, शहाणी आहे.

४. बांधावरचे आंब्याचे झाड, बुंध्याखालच्या जमिनीसह, शेजारी पोपटराव शितोळे यांना.

या झाडाच्या कैऱ्या त्यांनी परस्पर उतरवल्या, तेव्हा मी त्यांना चारचौघांत ‘व्हिलन’ म्हणाले. प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे गेले. तिथे मी समजावले की ‘व्हिलन’ म्हणजे मुळात जमीनदाराच्या शेतात राबणारा गडी. वरच्या लोकांनी खेडुतांना नावे ठेवता ठेवता त्या शब्दाचा बदमाश केला. त्यावर बागायतदार पोपटराव उभे राहिले.

“आधी बाईंनी मला बदमाश केलं, आता गडी केलं. त्यापरीस बदमाश बरा व्हतो.”

त्याच दिवशी त्यांच्या रानातून जाणारी माझ्या घराची वाट त्यांनी बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली. मी ओढ्यातून शाळेत जाऊ लागले, पण माफी मागितली नाही. अर्थ बरोबर होता.

मग एका दुपारी माझे पती अक्रम छातीत कळ येऊन कोसळले. पोपटरावांनी नुसत्या हातांनी फांद्या ओढून काढल्या आणि गाडी दारात आणली. स्टिअरिंगला रक्त लागले होते. केडगावच्या दवाखान्याच्या रस्त्याला मी थँक्यू म्हणाले.

“बाई, अर्थ मागनं सांगा. आधी दार नीट लावा.”

अक्रम वाचले. पुढे कित्येक वर्षे, हयात असेपर्यंत, ते पोपटरावांच्या ओट्यावर चहा प्यायले. वाट परत बंद झाली नाही. अर्थ सांगायचा राहिला, तो इथे नोंदवते : ‘थँक’ आणि ‘थिंक’ हे एकाच घरातले शब्द. मूळ अर्थ, मनात ठेवणे. मी ठेवले आहे.

सोहेबने गाडी लावायला जागा हवी म्हणून ते झाड तोडू नये.

याउपर माझे काही म्हणणे नाही, असे प्रथमच घडत आहे.

ठिकाण : खुटबाव
दिनांक : १४ मे २०२५
सही : फरहत अक्रम इनामदार

साक्षीदार :
१. करुणा साळवे, केडगाव
२. मारुतराव थोरात, माजी अध्यक्ष, तंटामुक्ती समिती (प्रत्येक इंग्रजी शब्दाचा अर्थ आधी विचारून घेऊन सही केली आहे.)