माझं मला परत पाहिजे

४ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली आणि नवी वही. तिन्हींचा वास चांगला आहे. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीला पडदा नाही, त्यामुळे ऊन न विचारता आत येतं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि खोली माझी झाली. कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र इतक्या ठासून भरल्यात की झुरळांबरोबर मीही जायची.

कोर्टात स्टेनो म्हणून जन्म काढला. खुनी, वकील, भांडणाऱ्या जावा, सगळ्यांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवलं आणि कधी चेहरा हलू दिला नाही. निवृत्त झाल्यावर घरात भिंतींशी बोलायला लागले, म्हणून ही जाहिरात दिसताच अर्ज ठोकला. काम सोपं आहे. ही खोली ज्यांच्या घरात आहे ते डॉक्टर येणाऱ्यांना संमोहनाखाली नेतात, लोक आपला मागचा जन्म सांगतात आणि मी तो लिहून घ्यायचा. टेपरेकॉर्डर चालत नाही म्हणे, खरखरीने माणूस जागा होतो. कसले डॉक्टर ते पाटीवर लिहिलेलं नाही. मीही विचारलं नाही; पहिल्याच दिवशी उलटतपासणी बरी दिसत नाही.

मात्र माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, तशीच बाई हवी होती, विश्वास ठेवणारे लिहिताना पदरची भर घालतात. उत्तर आवडलं मला.

घरात त्यांची थोरली बहीण असते. सगळे तिला ताई म्हणतात. हसऱ्या चेहऱ्याची बाई. दिवसभर टॉवेलांच्या घड्या घालते, संपल्या की मोडते आणि पुन्हा घालायला बसते. मी समोर गेले की विचारते, तुम्ही कोण? मी सांगते. परत येताना पुन्हा विचारते, मी पुन्हा सांगते. वयामुळे विसर पडतो, असं डॉक्टर म्हणाले. वय कसलं डोंबलाचं, माझ्याच वयाची आहे.

संध्याकाळी भिंगरीला फोन केला. भिंगरी म्हणजे माझी लेक. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता दुसऱ्या गावी इंजिनियर आहे, तरी टिकत नाहीच. म्हणाली, आई, माणसांना कंटाळलीस म्हणून आता भुतांची स्टेनो झालीस का?

७ मार्च, गुरुवार

संमोहनाच्या बैठकीची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे. मधोमध कॉट. पायथ्याशी डॉक्टर उभे राहतात. उशाकडच्या कोपऱ्यात माझी खुर्ची. लाकडी हात आहेत तिला, आणि कुणाच्या तरी हातांनी ते झिजून गुळगुळीत झालेत.

डॉक्टर हळू आवाजात सांगतात: डोळे मिटा, पायऱ्या उतरा, खाली दार आहे, ते उघडा. मग एवढंच विचारतात, की काय दिसतं. मी कान टवकारून बसले होते. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारा प्रश्न मला वासावरून कळतो. पण हे तसं काहीच विचारत नाहीत. जरा हिरमोडच झाला माझा.

आज एक कापड दुकानदार आला होता. पोट सुटलेला, भारदस्त गृहस्थ. खाली गेला आणि एकदम पोरीच्या आवाजात बोलायला लागला. दप्तरात मांजराचं पिल्लू लपवून शाळेत नेलं, ऐन परीक्षेत ते ओरडलं, बाईंनी दरडावून विचारलं कोण ओरडलं, तर मी उभी राहिले आणि म्हणाले, म्याँव! मला पेन्सिल दाताखाली धरावी लागली. जागा झाल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले आणि आनंदाने रडला. म्हणाला, अख्खं बालपण मिळालं मला.

माझं मत विचाराल तर मागचा जन्म वगैरे सब झूट. या जन्मात ज्याची उपासमार झाली तो मागच्यात जेवून घेतो, इतकंच.

१० मार्च, रविवार

फोनवर भिंगरीला मांजराचा किस्सा रंगवून सांगितला. ती हसलीच नाही. मग म्हणाली, आई, ही तुझीच तर गोष्ट आहे. मी जेवायला त्रास दिला की तू हीच सांगायचीस, म्याँवसकट.

मी म्हटलं, मी जन्मात मांजर पाळलेलं नाही. ती म्हणाली, चेष्टा पुरे. मी म्हटलं, चेष्टा तू करतेयस. दोघीही एकाच रक्ताच्या, त्यामुळे माघार कोण घेणार? मी फोन आपटला.

नंतर शांत बसून शाळा आठवायला घेतली. फाटक आठवतं. घंटा आठवते. वर्गात जायला लागले की काही नाही. अंधुक आहे असं नव्हे. नाहीच.

वय झालं असेल माझंही. पण मला हे पटत नाही आणि न पटलेली गोष्ट मी सोडत नाही.

१३ मार्च, बुधवार

आज बँकेतली एक तरुण मुलगी आली. तिला मागच्या जन्मातला नवरा दिसला. रविवारी सकाळी पायरीवर बसून दोघांच्याही चपला-बूट चकाचक करायचा आणि बेसूर शीळ घालायचा. आयुष्यात गोड शब्द बोलला नाही, पण तिच्या चपलांना आधी हात घालायचा. मुलगी हमसून हमसून रडली. मी लिहिता लिहिता म्हटलं, नशीबवान बाई कुणीतरी.

वर आले. टेबलावर फोटो आहे. माझ्या शेजारी एक माणूस उभा आहे. तो माझा नवरा, हे मला ठाऊक आहे. कधी वारला तेही सांगता येईल. पण आवाज कसा होता त्याचा? रविवारी काय करायचा?

भिंगरीला विचारलं, तुझे बाबा शीळ घालायचे का ग? ती रडायला लागली. म्हणाली, बेसूर घालायचे. आई, तिथून नीघ, आत्ताच्या आत्ता.

१४ मार्च, गुरुवार

पळायचं नंतर. आधी पुरावा.

बैठकीला जाण्यापूर्वी इथे लिहून ठेवते. टायपिंगच्या परीक्षेत माझ्या मशीनची एक कळ अडकली. पर्यवेक्षकाने दुसरं मशीन द्यायला नकार दिला. मी सँडल काढून त्या कळीवर हाणला आणि पेपर पुरा केला. पहिली आले. आज खुर्चीत बसून मी हेच मनात घोळवणार.

संध्याकाळ. व्यायामशाळा चालवणारा एक आडदांड माणूस होता. खाली उतरला आणि सांगायला लागला: टायपिंगची परीक्षा, अडकलेली कळ, सँडल.

वरचा मजकूर आता वाचला. अक्षर माझं आहे. प्रसंग कुणाचा, देव जाणे.

तर हा निकाल लिहून ठेवते. मागचा जन्म नाही, काही नाही. कॉटवरचा माणूस तहानेने खाली उतरतो आणि उशाशी बसलेल्या जिवंत माणसाचं उपसून घेतो. घेतलं की ते त्याचं. आपल्याकडे खडखडाट. माझ्याआधी त्या खुर्चीत कोण बसत होतं हे मला आता विचारायची गरज नाही. ती खाली टॉवेलांच्या घड्या घालतेय.

आणि तो आडदांड माणूस तेवढ्यावर थांबला नाही. पुढे म्हणाला, तापाने फणफणलेलं मूल खांद्यावर, उजाडेपर्यंत खोलीत फेऱ्या, मुलीने गळ्याला मिठी मारलेली. मी लिहून घेतलं. वर येऊन भिंगरीचा चेहरा आठवायला गेले.

आवाज आहे. फोनमधला. चेहरा नाही.

१५ मार्च, शुक्रवार

डॉक्टरला जाब विचारला. आजपासून अहो-जाहो बंद.

नाकारलं नाही त्याने. चहा ढवळत म्हणाला, तुमचं जगून झालंय, तुम्हाला काय करायच्यात त्या आठवणी? लोक बघा कसे भरून जातात. मी म्हटलं, भर तुझ्या घरची घाल. तो म्हणाला, दार उघडं आहे, जा. जाल तर आहात तशाच जाल, अर्ध्या. मी ताईकडे बोट दाखवलं. म्हणाला, ताईने कधी तक्रार केली नाही. तिला तक्रार करायला शिल्लक काय ठेवलंस, असं मी विचारलं, तेव्हा मात्र चमचा थांबला.

भिंगरी सोमवारी न्यायला येतेय. तोवर थांब, बैठकीला बसू नकोस, असं तिने बजावलंय. पण ती समोर आली तर मी तिला ओळखणार नाही. पोटच्या पोरीला! मी अशी जाणार नाही. माझं मला परत पाहिजे.

१६ मार्च, शनिवार, सकाळ

त्यानेच सुचवलं. कॉटवर पडा, तुमची बेचैनी घालवतो. म्हणजे मला गोड बोलून शांत करणार आणि सोमवारच्या आत पुन्हा खुर्चीत बसवणार. मी हो म्हटलं. खुर्चीत तो ताईला बसवणार आहे. कुणीतरी असल्याशिवाय माणूस नीट उतरत नाही, आणि ताई रिकामी, म्हणून धोका नाही. हा त्याचा हिशेब.

माझा हिशेब वेगळा. मला तहान लागलीय. ताईकडे काही मिळालं नाही तर ती तहान पुढच्या माणसाकडे वळेल. आणि पायथ्याशी तोच उभा असणार. येणाऱ्यांची नावं-गावं त्यालाच ठाऊक. माझं कुणाकडे गेलं ते त्याच्या डोक्यातून काढीन आणि एकेकाच्या दारात जाऊन बसेन.

शनिवार, दुपार

झालं.

पायऱ्या उतरले. दार उघडलं. ताईच्या बाजूला नुसता पांढरा उजेड. मग पायथ्याकडून आलं — भसाभसा —

डोळे उघडले तर तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. मला विचारलं, तुम्ही कोण?

मी म्हटलं, मी स्टेनो. खूप हसले. खरंच खूप हसले मी.

१७ मार्च, रविवार

माझं काहीच नाही यात. सगळं त्याचं. नावं-गावं आहेत, पण त्यांच्या खाली —

मला आठवतं, मी या कॉटवर पडलोय. पडलेय. ताई खुर्चीत. मीच बसवलंय तिला. तिचं बालपण माझ्यापेक्षा सुखाचं होतं, आईची लाडकी होती ती. ते मी घेतलं. किती गोड होतं! दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. ती हसत होती. संपेपर्यंत घेतलं.

हे मी केलेलं नाही. मी केलेलं नाही. तो खाली ताईशेजारी बसून टॉवेल घडी करतोय.

आठवणींबरोबर तहानही आली. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

भिंगरीला येऊ नको म्हणून सांगायला फोन उचलला. तोंडातून निघालं, लवकर ये.

१८ मार्च, सोमवार

एक मुलगी फाटकातून आली आणि आई म्हणाली. म्हणजे तीच.

मिठी मारली तिने. मीही मारली. अंगाचा वास अनोळखी. ती वर जाऊन माझी बॅग घेऊन आली. मी तोवर बाहेर थांबणार होते. बाहेरच थांबणार होते —

ती मला शोधत या बैठकीच्या खोलीत आली. म्हणाली, पहाटेपासून प्रवास, जरा टेकते. कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकली. डोळा लागला तिचा.

मी कॉटवर आहे. कधी बसले?

तिच्याकडे सगळं आहे. म्याँव. शीळ. ताप. मी अख्खी तिच्याकडे आहे. फक्त डोळे मिटायचे. पायऱ्या आपोआप —

नाही. भल्याभल्यांचं ऐकून लिहिलं, एकाचं मानलं नाही. माझ्यात शिरलेल्या याचं मानू?

हाक मारायला जीभ उचलत नाही. पाय उचलत नाहीत. ते त्याचं ऐकतात. हात माझा आहे. हात लिहितोय तोवर डोळे उघडे. म्हणून लिहितेय. काहीही. पंखा. पडद्याची दोरी. तिच्या हनुवटीला खळी आहे. आत्ता पाहिली. नवी आहे ही. माझी. चपलेचा अंगठा शिवलेला. झोपेत भुवई उडवते. हेही माझं. आजचं. एवढ्यावर मी पुन्हा सुरुवात करीन, घाबरते की काय! जुनं नको मला. ऐकलंस? नको —

पहिली पायरी

लिही. लिही. खळी. भुवई

भिंगरे, ऊठ. मी लिहितेय तोवर ऊठ ग. मी नाही मिटणार, काय वाट्टेल ते होवो, मी डोळे नाही मि